चाळीस टक्क्यांचा हिशेब आणि बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्या आठवड्यात सगळ्या वाहिन्यांवर धावपट्टी, टर्मिनल आणि दि. बा. पाटील यांच्या नावाची मागणी हेच विषय होते. नवीन पनवेलच्या पूर्वेला गाढी नदी ओलांडली की विचुंबे गाव लागते. तिथली चर्चा वेगळी आहे. 'नैना'त आमचे किती जाणार आणि आमच्या हातात किती राहणार, हा तिथला प्रश्न. विचुंबे, देवद, उसर्ली, आकुर्ली, चिपळे, नेरे, कोप्रोली, शिवकर अशा गावांत गेली काही वर्षे एकच आकडा लोकांच्या तोंडी आहे, तो म्हणजे चाळीस टक्के.

या आकड्यावर बौद्ध आणि आंबेडकरी तरुणांनी वेगळा विचार करायला हवा, असे आम्हाला वाटते. आपल्या वस्त्यांतल्या अनेक घरांकडे जमीन थोडी आहे, काहींकडे नाहीच, आणि जी आहे तिच्या सातबाऱ्यावर जुन्या वतनाच्या अटी बसलेल्या आहेत. मोठ्या जमीनदाराचा हिशेब आणि आपला हिशेब सारखा असू शकत नाही. हा फरक नीट समजावून सांगणारा माणूस आपल्याच घरातला आहे. त्याला आपण घटनाकार म्हणून ओळखतो, महाडचा नेता म्हणून ओळखतो. शेतीच्या अर्थकारणाचा आणि आर्थिक इतिहासाचा अभ्यासक म्हणून मात्र आपण त्याला कमी वाचले आहे.

चाळीस टक्के म्हणजे नक्की काय

आधी योजना समजून घेऊ. जानेवारी २०१३ मध्ये राज्य सरकारने विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातील सुमारे २७० गावांचा भाग 'नैना' म्हणून अधिसूचित केला आणि सिडकोला तिथले विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. २०१७ मध्ये पनवेल तालुक्यातील पहिल्या २३ गावांचा विकास आराखडा मंजूर झाला. विचुंबे त्या २३ गावांत आहे.

जुन्या नवी मुंबईत सिडकोने जमीन संपादित केली होती. १९७० पासून ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्यावर पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. नैनात रीत बदलली आहे. इथे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली नगररचना योजना आखल्या जातात. एका योजनेतल्या सगळ्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, उद्याने, शाळा, सिडकोचे विक्रीयोग्य भूखंड काढायचे आणि मूळ मालकाला त्याच्या जमिनीच्या ४० टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड द्यायचा, त्यावर वाढीव चटई क्षेत्र द्यायचे. बाकीचे ६० टक्के योजनेत जातात.

कागदावर हे सूत्र सगळ्यांना सारखे आहे. तीन एकरवाल्यालाही चाळीस टक्के, दहा गुंठेवाल्यालाही चाळीस टक्के. आता आकडे घालून बघा. तीन एकर म्हणजे १२० गुंठे. त्याचे चाळीस टक्के म्हणजे ४८ गुंठे. एवढ्या भूखंडावर मालक बांधकाम व्यावसायिकाशी बरोबरीने बोलू शकतो, थोडा भाग विकून उरलेल्यावर स्वतः काही उभे करू शकतो. दहा गुंठ्यांचे होतात चार गुंठे, म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर. सातबाऱ्यावर चार भावंडांची नावे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एक गुंठा येतो. तोही कुठल्या रस्त्याला लागून आणि किती वर्षांनी, हे योजना पूर्ण झाल्यावर कळणार. त्यात कायद्यात सुधारणा खर्चाच्या अंशदानाची तरतूद आहे. मधल्या वर्षांत भातही नाही आणि भाडेही नाही. अशा घराला बिल्डरचा पहिला निरोप येतो तेव्हा ते नाही म्हणू शकेल का?

टक्केवारी सारखी असूनही परिणाम सारखा होत नाही. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये शेतीबद्दल नेमके हेच दाखवले होते.

सत्तावीस वर्षांच्या अर्थतज्ज्ञाचा निबंध

१९१८ मध्ये बाबासाहेबांचे वय २७ होते. कोलंबिया विद्यापीठात ते सेलिग्मन यांच्या हाताखाली शिकले होते. १९१५ ची त्यांची एम.ए.ची मांडणी ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन आणि वित्तव्यवहाराच्या इतिहासावर होती. लंडनचा अभ्यास शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्धवट सोडून त्यांना परत यावे लागले होते. बडोद्याच्या नोकरीत राहायला घर मिळू नये, इतका अपमान वाट्याला आला होता. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे लंडनला परत जाऊन त्यांनी 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' पूर्ण केला. १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ आला. हे सगळे आर्थिक इतिहासाचे काम आहे. आकडे, जुने अहवाल, कायदे तपासून कोणाच्या खिशातून किती गेले आणि कोणाला किती मिळाले, हे शोधण्याचे काम.

१९१८ सालीच इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय या विषयावरचा निबंध आला. त्या काळी सरकारी अधिकारी आणि अर्थतज्ज्ञ म्हणत होते की भारतातली शेती मागास आहे, कारण तुकडे फार लहान आहेत. तेव्हा तुकडे एकत्र करा, वारसाहक्काने होणारी वाटणी थांबवा, मोठी शेते करा. बडोदे संस्थानाची एक समिती याच कामाला लागली होती. कीटिंग, जेव्हन्स अशी मोठी नावे या चर्चेत होती.

बाबासाहेबांनी मुळावरच बोट ठेवले. शेत लहान आहे की मोठे हे एकट्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, असे त्यांनी दाखवले. शेताबरोबर बैल किती, नांगर किती, भांडवल किती, कामाची माणसे किती, यावरून शेताचे योग्य माप ठरते. ज्याच्याकडे बैलजोडी नाही त्याला पाच एकर जास्त दिले म्हणून तो सुखी होत नाही. उलट ती जमीन त्याच्या साधनांच्या मानाने मोठीच ठरते. भारतातील शेते साधनांच्या तुलनेत फार मोठी आहेत, असे चक्रावून टाकणारे विधान त्यांनी केले आणि ते आकड्यांनिशी पटवून दिले. दुसरा मुद्दा जमिनीवर पडलेल्या बिनकामाच्या माणसांचा. शेतीवर गरजेपेक्षा जास्त लोक अवलंबून आहेत, त्यांचे श्रम वाया जातात आणि त्यामुळे भांडवल साठत नाही. यावर त्यांचा उपाय औद्योगिकीकरण हा होता. माणसांना शेतीबाहेर काम मिळाले की जमिनीवरचा भार हलका होईल आणि धारणक्षेत्र आपोआप वाढेल.

नऊ वर्षांनी, १० ऑक्टोबर १९२७ रोजी, मुंबई विधिमंडळात लहान धारणक्षेत्रांच्या विधेयकावर बोलताना त्यांनी विरोध केला. एकत्रीकरणाच्या नावाखाली लहान शेतकऱ्याची जमीन जाईल आणि तो भूमिहीन मजूर होईल, ही त्यांची भीती होती. त्याऐवजी मालकी न मोडता एकत्रित, सहकारी कसणूक करावी, असे त्यांनी सुचवले.

आता नैनाकडे परत बघा. इथेही जमिनी एकत्र करणे हाच सूत्राचा गाभा आहे. आणि प्रश्नही तोच आहे. चार गुंठ्यांच्या भूखंडाबरोबर घराच्या हातात आणखी काय आहे? बांधकामाचे भांडवल आहे का, बँकेचे कर्ज मिळते का, कागद वाचणारा माणूस घरात आहे का, मधल्या वर्षांचा पगार आहे का? नसेल तर तो भूखंड विकला जाणार. नियोजनकर्त्याने चाळीस टक्क्यांचा न्याय केला असे कागदावर दिसेल, आणि दहा वर्षांनी जमिनीचे मालक बदललेले असतील.

कुलाबा जिल्ह्याचा धडा

पनवेल तालुका पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यात येतो. महाडचे चवदार तळे याच जिल्ह्यात आहे. जमिनीच्या लढ्याचीही मोठी परंपरा याच जिल्ह्याला आहे. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये खोत-सावकारांच्या जमिनी कसायचे बंद केले आणि तो संप जवळजवळ सहा वर्षे चालला. नारायण नागू पाटील त्याचे नेते होते आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागासाठी होते. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. त्यात कुणबी, आगरी आणि महार एकत्र चालले होते.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळाला मालकीची वाट मोकळी झाली. पण हा फायदा कोणाला झाला, हे आर्थिक इतिहासाच्या डोळ्यांनी पाहावे लागते. ज्याचे नाव कूळ म्हणून नोंदले होते, त्याला जमीन मिळाली. जो त्या कुळाच्या शेतावर रोजाने राबत होता, त्याचे नाव कुठेच नव्हते. गावाच्या कामाच्या बदल्यात इनाम जमीन कसणाऱ्या महारांचा प्रश्न आणखी वेगळा होता.

महार वतन हे १८७४ च्या वंशपरंपरागत पदांच्या कायद्याने बांधलेले होते. थोडी जमीन आणि बलुते, त्याच्या बदल्यात अहोरात्र सरकारी आणि गावची चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. वतनाची जमीन माणसाला स्वतंत्र करत नाही, गुलामीत अडकवून ठेवते, ही त्यांची मांडणी होती. पुढे मुंबई कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायदा १९५८ मध्ये आला. वतने सरकारजमा झाली आणि भोगवटामूल्य भरल्यावर जमिनी पुन्हा वतनदारांना दिल्या गेल्या, पण नव्या अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराण्याशिवाय विक्रीला बंदी आली. पुष्कळांनी भोगवटामूल्य वेळेत भरले नाही, अनेकांच्या नोंदी पुढच्या पिढीच्या नावे झाल्याच नाहीत.

त्याचे पडसाद आजही उमटतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढवा भागातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. सरकारच्या ताब्यातील जमिनीची ३०० कोटी रुपयांना विक्री दाखवली गेली, मुद्रांक शुल्क अवघे ५०० रुपये भरले गेल्याचे समोर आले आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. वृत्तपत्रांनी हा विषय राजकीय घराण्याच्या अंगाने रंगवला. आपल्यासाठी त्याचा अर्थ वेगळा आहे. शहर जवळ आले की वतनाच्या जमिनीची किंमत आभाळाला भिडते आणि मूळ वतनदारांच्या वारसांना सगळ्यात शेवटी कळते. पुण्यात जे घडले त्याच्यासाठी लागणारी परिस्थिती पनवेलच्या आसपास आज तयार आहे.

सुखदेव थोरात: शेतीपासून बाजारातल्या जातीपर्यंत

बाबासाहेबांचा हा अभ्यास पुढे कोणी नेला? महाराष्ट्रातून पुढे आलेले सर्वांत मोठे नाव प्रा. सुखदेव थोरात यांचे आहे. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यात जन्म, औरंगाबादला बाबासाहेबांनीच उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिक्षण, मराठवाडा विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए., तिथल्याच वसंतराव नाईक महाविद्यालयात अध्यापन आणि १९८० पासून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. पदांची यादी अनेकांना माहीत आहे. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या संशोधनाचा प्रवास.

थोरातांनी सुरुवात कृषी विकासापासून केली. वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेसाठी शेंगेन फॅन आणि पीटर हेझेल यांच्याबरोबर त्यांनी केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० पासूनच्या राज्यवार आकडेवारीवरून त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. सरकारने ग्रामीण भागात खर्च केलेल्या रुपयातून गरिबी सर्वांत जास्त कशाने हटते? उत्तर आले की ग्रामीण रस्ते आणि शेतीविषयक संशोधन या दोन खर्चांनी गरिबी सर्वाधिक कमी होते, त्यानंतर शिक्षण. रस्त्यामुळे शेतकऱ्याला फक्त बाजार गाठता येतो असे नाही, शेतीबाहेरचे कामही मिळते. १९१८ च्या निबंधातला शेतीबाहेरच्या रोजगाराचा मुद्दा इथे आकड्यांनी पुन्हा सिद्ध झाला.

पण मग प्रश्न उरतो. रस्ता झाला, कारखाना आला, तरी दलित घर मागे का राहते? इथून थोरातांचा अभ्यास बाजारातल्या भेदभावाकडे वळला. २००६ मध्ये घनश्याम शाह, हर्ष मंदर, सतीश देशपांडे, अमिता बाविस्कर आणि थोरात यांचा ग्रामीण अस्पृश्यतेवरचा अभ्यास आला. ११ राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीवर तो उभा होता. पाणवठे आणि मंदिरांबरोबरच मजुरी, जमीन, दुकानातला माल, दुधाची विक्री यांतही जात काम करते, हे त्यात नोंदले गेले. २००७ मध्ये पॉल अटवेल यांच्याबरोबर त्यांनी खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे सुमारे ४,८०० अर्ज पाठवले. फरक होता फक्त नावांचा. सवर्ण हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश निघाले, मुस्लीम नावांचे त्याहून बरेच कमी.

या दोन्ही टप्प्यांना जोडून वाचले की विचुंब्याचे चित्र स्पष्ट होते. विमानतळ आला म्हणजे बाबासाहेबांनी सांगितलेले शेतीबाहेरचे काम आले. गोदामे, हॉटेले, मालवाहतूक, सुरक्षा, देखभाल. पण ते काम खासगी आहे, ठेक्यावरचे आहे, आणि खासगी बाजार नाव पाहून दार उघडतो हे सिद्ध झालेले आहे. जमीन गेली आणि नोकरीत मात्र आडनाव आडवे आले, तर औद्योगिकीकरणाचे सूत्र आपल्या वाट्याला अर्धेच येते. म्हणून जमिनीची मागणी आणि नोकरीतल्या न्यायाची मागणी एकाच निवेदनात असली पाहिजे.

देशाचे आकडे काय सांगतात

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर होते. अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांचे सरासरी क्षेत्र ०.७८ हेक्टर. एकूण क्षेत्रात त्यांचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास, तर २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतील वाटा १६.६ टक्के. त्याच जनगणनेत अनुसूचित जातींतील काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेतमजूर होते. मालकीवर आधारलेल्या कुठल्याही मोबदल्यातून हा निम्मा समाज सुरुवातीलाच बाहेर पडतो.

राज्य सरकारची योजनाही आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची आहे. दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. त्यांचे नाव योजनेला शोभते. पण ही जमीन खासगी मालकाकडून विकत घ्यायची असते, आणि २०१८ मध्ये ठरवलेली कमाल किंमत जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख रुपये आहे. नैना क्षेत्रात या दराने एकर कोण विकेल? जिथे जमिनीचे मोल सगळ्यात जास्त वाढते आहे, तिथेच योजना निरुपयोगी ठरते.

भूमिहीन कोणत्या कायद्यात दिसतो

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' याची व्याख्या व्यापक आहे. जमीन नसलेले पण त्या जमिनीवर तीन वर्षे राबणारे शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर हेही त्यात येतात. सामाजिक परिणामांचा अभ्यास त्या कायद्यात बंधनकारक आहे. नगररचना योजना मात्र या अर्थाने भूसंपादन मानली जात नाही. त्यामुळे ती व्याख्या आणि तो अभ्यास इथे आपोआप लागू होत नाहीत. मालकाची जमीन 'एकत्र' केली जाते आणि त्या जमिनीवर आयुष्यभर लावणी-कापणी करणारी बाई कुठल्याच रकान्यात येत नाही. कातकरी आणि ठाकूर वाड्यांचेही तेच.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातधर्म न पाहता गावातल्या लोकांना सामूहिक कसणुकीसाठी द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरणार नाहीत, असे मांडले होते. ते स्वीकारले गेले नाही. पण त्यामागची दृष्टी आपल्याला वापरता येते. विकासाचा हिशेब मालकीच्या नोंदीपासून नव्हे, राबणाऱ्या माणसापासून सुरू करायचा. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तातही राज्यातली अशांती शिक्षेने मिटत नाही, शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि चाकरी करणाऱ्याला वेतन दिल्याने मिटते, असा उपदेश येतो. धम्म आणि अर्थशास्त्र इथे एकाच रस्त्यावर भेटतात.

कार्यकर्त्यांनी आता काय करावे

घोषणांची कमतरता नाही. कमतरता आहे ती कागदांची. विचुंबे आणि आसपासच्या गावांतील तरुणांसाठी आम्ही काही कामे सुचवतो.

पहिले काम नोंदींचे. प्रत्येक बौद्ध कुटुंबाचा सातबारा, आठ-अ आणि गाव नमुना सहामधले जुने फेरफार काढा. गाव नमुना एक-क मध्ये भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी असतात. इनाम वर्ग सहा-ब ही वतनाची खूण आहे. पुनर्प्रदान झाले की नाही, भोगवटामूल्य भरले की नाही, शर्त काय आहे, मधल्या काळात कोणा परक्याचे नाव कसे चढले, हे तपासा. वारसनोंद राहिली असेल तर आधी ती करून घ्या, आणि तीत बहिणी-मुलींची नावे गाळू नका.

दुसरे काम योजनेच्या टप्प्यांवर नजर ठेवण्याचे. मसुदा योजना प्रसिद्ध झाली की ३० दिवसांत हरकती घेता येतात. त्यानंतर शासन लवाद नेमते, तो प्रत्येक मालकाला ऐकून प्राथमिक आणि अंतिम योजना ठरवतो. या प्रत्येक पायरीवर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आपला भूखंड कोणत्या क्रमांकाचा, कोणत्या रस्त्यावर, वर्ग दोनची अट त्यावर येणार का, अंशदान किती, हे लेखी विचारा. तोंडी आश्वासनाला या प्रक्रियेत किंमत नाही.

तिसरे काम लहान भूखंडवाल्यांना एकत्र आणण्याचे. चार गुंठे एकटे असले तर ते बिल्डरच्या हातात जातात. दहा घरांचे चाळीस गुंठे एकत्र मागता आले, त्यांची गृहनिर्माण सहकारी संस्था करता आली, तर बोलणी बरोबरीने होतात. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी शेतीसाठी सुचवलेली सहकाराची वाट भूखंडालाही लागू पडते.

चौथे काम भूमिहीनांची गणना. सरकार करणार नसेल तर आपण करू. गावातले प्रत्येक भूमिहीन घर, त्यातली कामाची माणसे, तीन वर्षांत कोणाच्या शेतावर किती दिवस काम केले, किती मजुरी मिळाली, याची वही तयार करा. आगरी, कातकरी, ठाकूर, मुस्लीम अशी सगळी भूमिहीन घरे त्यात घ्या. १९३८ चा मोर्चा एका जातीचा नव्हता. ही वही हातात असेल तर नैना क्षेत्रातल्या भूमिहीनांना घरासाठी भूखंड आणि विमानतळाशी संबंधित कामांत ठरावीक वाटा, ही मागणी पुराव्यानिशी मांडता येते.

पाचवे काम अभ्यासाचे. आपली हुशार मुले स्पर्धा परीक्षेच्या वर्गांत बसतात, ते चांगलेच आहे. त्यांतल्या काहींनी अर्थशास्त्र, आर्थिक इतिहास, कृषी अर्थशास्त्र या विषयांकडे वळावे. विचुंब्याच्या जमिनीचा शंभर वर्षांचा इतिहास अजून कोणी सलग लिहिलेला नाही. खोती, वतन, कूळ कायदा, सिडको आणि नैना हे सगळे टप्पे एका गावाच्या फेरफारांत सापडतील. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून बांध कुठे होता, कोण कोणाचे शेत कसत होता, हे आठवते. ते आजच टिपून घेतले पाहिजे, कारण बांधावर इमारत उभी राहिली की आठवणींचा पुरावाही जातो.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास बाजूला काढा. गावातल्या घरांचे सातबारे जमवा आणि एकेक वाचायला बसा.

जय भीम!